लंडनचा नियम, कोकणची होडी

वाचकांचे प्रश्न

समुद्रावरचे कायदे, बंदरांची सुरक्षा आणि मच्छीमारांचा बचाव यांवर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच शंका दिसते: हे मोठमोठे आंतरराष्ट्रीय करार आमच्यापर्यंत पोचतात का? उत्तरांत तोच धागा धरला आहे.

जहाजांचे नियम लंडनमध्ये ठरतात, मग ते भारताला कसे लागू होतात? नियम मोडणारे परदेशी जहाज नेमके कोण अडवते?
— विद्यार्थी, रत्नागिरी

आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, म्हणजे आयएमओ, नियम तयार करते. कचेरी लंडनला, भारत 1959 पासून सभासद. पण तिच्याकडे गस्तीची बोट नाही, जहाज अडवण्याचा अधिकारही नाही. नियमाला दात फुटतात ते त्या त्या देशाच्या कायद्यातून. आपल्याकडे हे काम 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्याने केले. त्याच्या जागी संसदेने 2025 मध्ये नवा कायदा मंजूर केला. रोजची अंमलबजावणी मुंबईच्या डीजी शिपिंगकडे, म्हणजे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाकडे.

यातला सर्वांत महत्त्वाचा करार सोलास, म्हणजे समुद्रावर माणसांचा जीव सुरक्षित ठेवण्याचा करार. टायटॅनिक बुडाल्यानंतर 1914 मध्ये तो पहिल्यांदा झाला, आज चालतो तो 1974 चा. त्यातल्या तांत्रिक दुरुस्त्यांसाठी दर वेळी सगळ्या देशांच्या सह्या गोळा करत बसत नाहीत. ठरलेल्या मुदतीत पुरेशा देशांनी हरकत घेतली नाही, की दुरुस्ती लागू होते.

जहाज नीट ठेवण्याची पहिली जबाबदारी ज्याचा झेंडा त्या देशाची. पण झेंडा लायबेरियाचा, मालक ग्रीसचा आणि खलाशी चार देशांचे असे असले, की ती पातळ होते. म्हणून बंदराच्या देशाला तपासणीचा हक्क दिला आहे. हिंदी महासागराभोवतीच्या देशांनी त्यासाठी आपसांत समझोता केला असून त्याचे सचिवालय गोव्यात आहे. निरीक्षक चढतो, प्रमाणपत्रे पाहतो आणि मग यंत्रे चालवून दाखवायला सांगतो. लाइफबोटीचे इंजिन दोन मिनिटांत सुरू होते का? मुख्य वीज गेली तर इमर्जन्सी जनरेटर 45 सेकंदांत भार घेतो का? इमर्जन्सी फायर पंपावर दोन नळ्यांतून जोरात पाणी येते का? इथे बरीच जहाजे उघडी पडतात. पंपाची मोटर फिरते, पण तो पाणीच खेचत नाही, कारण महिनोन्महिने तो कोणी चालवलेला नसतो. हवेच्या झडपा गंजून जागच्या जागी बसलेल्या असतात. आग लागली तर त्या बंद होणार नाहीत. दोष गंभीर असेल तर दुरुस्ती होईपर्यंत जहाज सोडत नाहीत. धक्क्यावरचा प्रत्येक दिवस मालकाच्या खिशाला लागतो, आणि नियम पाळला जातो तो बराचसा त्यामुळे.

रात्री जाळे टाकून असताना मोठे जहाज जाळे फाडून गेले. मासेमारी करणाऱ्या बोटीला जहाजाने वाट द्यावी असा नियम आहे म्हणतात. खरे का?
— नाखवा, हर्णै

खरे आहे, पण त्याला अटी आहेत आणि त्या माहीत नसल्याने आपली बाजू लंगडी पडते. टक्कर टाळण्याचे नियम 1972 चे, 1977 पासून अमलात. ते समुद्रावरच्या प्रत्येक तरंगत्या साधनाला लागू आहेत, अगदी लहान होडीलाही. यातल्या 18 व्या नियमाप्रमाणे इंजिनावर चालणाऱ्या जहाजाने मासेमारीत गुंतलेल्या बोटीपासून दूर राहायचे.

'गुंतलेली' या शब्दावर सगळे अवलंबून आहे. जाळे पाण्यात आहे आणि त्यामुळे बोट हवी तशी वळवता येत नाही, एवढ्याच वेळी हा हक्क मिळतो. मासळी भरून घरी निघालात की तुम्ही इतर इंजिनबोटींसारखेच. शिवाय मासेमारी चालू आहे हे दिव्यांवरून कळले पाहिजे. ट्रॉल, म्हणजे बोटीमागे ओढायचे जाळे, ओढत असाल तर वर हिरवा, खाली पांढरा. इतर जाळ्यांसाठी वर लाल, खाली पांढरा. दोन्ही दिवे चहूबाजूंनी दिसणारे हवेत. ट्रॉल सोडून दुसरे जाळे 150 मीटरपेक्षा लांब पसरले असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा दिवा. दिवसा दोन शंकू टोकाला टोक लावून टांगायचे.

आता आपल्या बोटींवर काय दिसते ते सांगायला हवे. डोलकाठीवर लुकलुकणाऱ्या रंगीत एलईडी माळा, डेकवर डोळे दिपवणारे हॅलोजन, आणि त्या झगमगाटात नियमाचे दिवे हरवलेले. जहाजावरच्या अधिकाऱ्याला कळते की तिथे काहीतरी आहे. ते कुठे चालले आहे, जाळे कोणत्या बाजूला आहे, हे कळत नाही. माळा काढा, डेकचे दिवे खाली वळवा आणि दोन खरे दिवे सर्वांत उंच ठेवा.

अडचण आणखीही आहे. अरुंद वाटेत, म्हणजे मुंबई बंदराच्या मुख्य चॅनेलसारख्या जागी, नियम उलटा फिरतो: मासेमारी करणाऱ्या बोटीने चॅनेलमधून जाणाऱ्या कोणत्याही जहाजाला अडथळा करायचा नाही. तिथे जाळे लावले तर कायदा तुमच्या बाजूने नाही.

आणि हे अंतर डोक्यात पक्के बसवा. जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीतून, नाकापुढचे पाणी दोन जहाजलांबी किंवा 500 मीटर, यांपैकी जे कमी असेल, तेवढ्यापर्यंत न दिसणे सोलासला मान्य आहे. म्हणजे कंटेनर जहाजाच्या नाकासमोर अर्धा किलोमीटर तुम्ही त्यांच्या डोळ्यांआड असू शकता. ताशी 20 सागरी मैलांनी येणारे जहाज ते अंतर 50 सेकंदांच्या आत कापते. लाकडी होडीचा प्रतिध्वनी रडारवर लाटांच्या गोंधळात विरून जातो, म्हणून पत्र्याचा रडार रिफ्लेक्टर जमेल तेवढा उंच बांधा. जहाज अंगावर येतेय असे वाटले तर टॉर्चचे पाच झटपट झोत त्याच्या ब्रिजकडे मारा आणि व्हीएचएफच्या, म्हणजे बोटीवरच्या रेडिओच्या, चॅनेल 16 वर हाक द्या. जाळे फाटलेच तर त्याच मिनिटाला वेळ आणि जीपीएसचे आकडे लिहून ठेवा. एवढे असले तर एआयएसच्या, म्हणजे जहाज आपली ओळख आणि जागा आपोआप कळवत राहते त्या यंत्रणेच्या, नोंदींतून जहाज शोधता येते. दुसऱ्या दिवशी 'रात्री दोनच्या सुमारास' असे सांगून काही हाती लागत नाही.

बंदराजवळ होडी गेली तरी हटकतात. इतकी कडक सुरक्षा असताना 26 नोव्हेंबर 2008 कसे घडले?
— वाचक, उरण

बंदरावरचे कुंपण, ओळखपत्रे, कॅमेरे हे आयएसपीएस नावाच्या संहितेतून आले. अमेरिकेतल्या 2001 च्या हल्ल्यानंतर ती डिसेंबर 2002 मध्ये ठरली आणि 1 जुलै 2004 पासून अमलात आली. तिच्यात सुरक्षेचे तीन स्तर आहेत: पहिला रोजचा, दुसरा धोका वाढल्यावरचा, तिसरा हल्ला जवळजवळ समोर असतानाचा. स्तर सरकार ठरवते. प्रत्येक जहाजावर एक सुरक्षा अधिकारी, प्रत्येक बंदर सुविधेवर एक, आणि दोघांकडे मंजूर झालेला आराखडा. जहाजावर एक मूक इशाऱ्याचे बटणही असते, किमान दोन जागी आणि त्यांतले एक ब्रिजवर. दाबले की जहाजावर भोंगा वाजत नाही, दिवा लागत नाही. संदेश थेट किनाऱ्यावर जातो.

पण ही संहिता कोणाला लागू? आंतरराष्ट्रीय प्रवासावरची प्रवासी जहाजे, 500 टनांपासून वरची मालवाहू जहाजे, समुद्रात तेलविहिरी खोदणारी फिरती व्यासपीठे आणि यांना सेवा देणारी बंदरे. मासेमारीच्या बोटीचा तिच्याशी संबंध नाही. 2008 चे हल्लेखोर 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी बोट पळवून आले आणि शेवटचा टप्पा रबरी होडीने पार करून कुलाब्याच्या मच्छीमार नगरात उतरले. संहितेला तेव्हा चार वर्षे झाली होती आणि तिचा एकही नियम त्यांच्या वाटेत आला नाही. त्याआधी 1993 मध्ये रायगडच्या शेखाडीला स्फोटके उतरली, तीही बंदरात नव्हे.

ही फट आंतरराष्ट्रीय नियम बुजवणार नाहीत, कारण ते त्यासाठी लिहिलेलेच नाहीत. ती देशाने बुजवायची. 2009 नंतर किनाऱ्यालगतच्या समुद्राची जबाबदारी तटरक्षक दलाकडे आली, नौदलाकडे एकूण सागरी सुरक्षा. किनाऱ्यावर रडारांची साखळी उभी राहिली, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली, बोटींना राज्यवार रंग ठरले. रंग उडाला, नंबर पुसट झाला, खलाशी बदलला पण कागदावर जुनाच राहिला, की या साखळीची कडी तिथेच तुटते. अनोळखी बोट दिसली तर सागरी पोलिसांचा नंबर 1093.

बोटीवर संकटासाठी नेमके काय ठेवावे? व्हीएचएफ आहे, पण गरजेला चालत नाही असा अनुभव आहे.
— तांडेल, मालवण

मोठ्या जहाजांवर संकट-संदेशाची यंत्रणा 1999 पासून पूर्ण लागू आहे. लहान बोटींवर ती सक्तीने येत नाही, पण त्यातल्या वस्तू तुम्ही वापरू शकता आणि ऐकणारे कान तेच असतात. बचावाच्या 1979 च्या कराराप्रमाणे भारताकडे मोठा सागरी टापू सोपवलेला आहे आणि आपल्या बाजूचे बचाव समन्वय केंद्र मुंबईत, तटरक्षक दलाकडे. मोबाइलची रेंज असेल तर 1554.

व्हीएचएफ गरजेला का चालत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा बॅटरीत सापडते. ऐकताना संच अगदी थोडी वीज घेतो, पण 25 वॅटवर बोलताना पाच-सहा अँपिअर खेचतो. बॅटरी दमलेली असेल किंवा तार बारीक असेल, तर आवाज छान ऐकू येतो आणि बोलायचे बटण दाबताच संच मरतो. म्हणून तपासणी ऐकून नको, बोलून करा. पण त्यासाठी 16 सोडून दुसरे चॅनेल घ्या. दुसरे कारण अँटेनाचा जोड. खारे पाणी आत शिरले की तांबे हिरवे पडते. जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि दर हंगामाआधी उघडून पाहा.

पल्ला उंचीवर ठरतो. दोन बोटींच्या अँटेना चार-चार मीटरवर असतील तर साधारण नऊ-दहा सागरी मैल. किनाऱ्यावरचा मनोरा 100 मीटरचा असेल तर तोच पल्ला 27 मैलांच्या पुढे जातो. वॅट वाढवण्यापेक्षा अँटेना वर चढवणे स्वस्त आणि कामाचे.

संकटात चॅनेल 16 वर असे बोला. 'मेडे' तीनदा. बोटीचे नाव तीनदा, मग नोंदणी क्रमांक. जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश, एक एक आकडा सुटा वाचून. काय झाले: पाणी शिरले, आग, माणूस पडला. बोटीवर किती माणसे. मग बटण सोडा आणि ऐका. बटण दाबूनच धरले तर समोरचा बोलला तरी तुम्हाला ऐकू येत नाही, आणि घाबरलेल्या माणसाकडून हीच चूक होते. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प राहू नका, हिंदीत बोला.

संचावर झाकणाखालचे लाल बटण असेल तर ते काही सेकंद दाबून धरल्यावर डिजिटल हाक जाते. पण त्यात नऊ आकडी ओळख क्रमांक भरलेला हवा (भारताचा 419 ने सुरू होतो) आणि जीपीएसची तार जोडलेली हवी. विकत घेताना दुकानदाराकडून दोन्ही गोष्टी समोर करून घ्या. चुकून हाक गेली तर संच बंद करून बसू नका. 16 वर 'चुकून गेली, आम्ही सुखरूप आहोत' असे सांगा, नाहीतर विमान आणि गस्तीची जहाजे तुमच्या शोधात निघतात.

20 मीटरखालच्या बोटींसाठी इस्रोच्या तंत्रज्ञानावरचा ट्रान्सपॉन्डर आहे. 13 किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटींवर तो बसवण्याची योजना 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला सुरू झाली. तो उपग्रहावरून चालतो, त्यामुळे मोबाइलची रेंज संपते तिथेही संदेश दोन्ही बाजूंनी जातो. तो आल्यावर व्हीएचएफ उतरवून ठेवू नका. शेजारची बोट व्हीएचएफ ऐकते, आणि बुडणाऱ्याजवळ पहिली पोचते ती शेजारची बोट.

समुद्री चाच्यांना सोमालियाजवळ पकडून मुंबईत का आणले?
— वाचक, डोंबिवली

'रुएन' हे जहाज डिसेंबर 2023 मध्ये चाच्यांनी पळवले. मार्च 2024 मध्ये नौदलाच्या आयएनएस कोलकाता आणि मरीन कमांडोंनी 17 खलाशी सोडवून 35 चाचे मुंबईत आणले. खुल्या समुद्रात चाचेगिरी करणाऱ्याला कोणताही देश पकडू शकतो आणि आपल्या न्यायालयात उभा करू शकतो, असे 1982 चा समुद्रविषयक करार सांगतो. पण त्यासाठी देशाचा स्वतःचा कायदा लागतो. आपल्याकडे तो 2022 पर्यंत नव्हता. आधी पकडलेल्यांवर खटले भरताना दंड संहितेची कलमे जोडून काम भागवावे लागे.

याच विषयातली एक गोष्ट कोकणाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. 2010 मध्ये जहाज उद्योगाने चाच्यांच्या धोक्याच्या पट्ट्याची रेघ पूर्वेला 78 रेखांशापर्यंत सरकवली. म्हणजे आपला सगळा पश्चिम किनारा त्यात आला. धोका टाळायला जहाजे किनाऱ्याला चिकटून, मच्छीमारांच्या गर्दीतून जाऊ लागली, त्यांतल्या काहींवर हत्यारबंद पहारेकरी होते. 15 फेब्रुवारी 2012 रोजी केरळजवळ 'एनरिका लेक्सी' या इटालियन टँकरवरच्या पहारेकऱ्यांनी 'सेंट अँटनी' या मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या. दोन मच्छीमार गेले. भरपाईचे 10 कोटी मिळून प्रकरण मिटायला 2021 उजाडले. ती रेघ भारताच्या पाठपुराव्याने डिसेंबर 2015 मध्ये 65 रेखांशावर मागे गेली. तोवर कागदावरच्या त्या रेघेची किंमत चुकती झाली होती.

केरळजवळ जहाज बुडून कंटेनर किनाऱ्याला लागले. आमच्याकडे असे झाले तर भरपाई कोण देणार?
— वाचक, देवगड

25 मे 2025 ला 'एमएससी एल्सा 3' कोचीजवळ बुडाले. 640 कंटेनर, त्यांतले 13 घातक मालाचे, टाक्यांत सुमारे 367 टन फर्नेस ऑइल आणि 84 टन डिझेल. 24 खलाशी वाचले. किनाऱ्यावर मात्र प्लॅस्टिकचे साबुदाण्याएवढे दाणे पसरले, आणि वाळूत मिसळलेले ते दाणे चाळणीने वेचावे लागतात. आपल्याकडे 7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' यांची टक्कर झाली तेव्हाही तेल आणि कंटेनर दोन्ही पाण्यात गेले होते.

जहाजाच्या स्वतःच्या इंधनाने प्रदूषण झाले तर मालक जबाबदार, आणि 1000 टनांवरच्या जहाजाला त्यासाठी विमा सक्तीचा. बुडालेला सांगाडा धोकादायक असेल तर तो काढणेही मालकाच्या माथी. त्याबाबतचा नैरोबी करार भारताने 2011 मध्ये स्वीकारला. ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजू अशी, की मालकाला आपली जबाबदारी जहाजाच्या टनांच्या हिशेबाने एका रकमेपुरती मर्यादित करता येते. नुकसान कितीही असो, दावेदार त्या एकाच गाठोड्यातून वाटा मागतात. पुरावा नसलेल्या मच्छीमाराच्या हाती त्यातले फारसे लागत नाही.

म्हणून तेल दिसले त्या दिवसापासून कागद जमवा. बंदीच्या काळात किती दिवस बोट उभी राहिली, त्याआधीच्या तीन-चार हंगामांत याच आठवड्यांत किती मासळी विकली त्याच्या लिलावाच्या पावत्या, तेलाने माखलेल्या जाळ्याचे तारखेसह फोटो आणि तलाठ्याचा पंचनामा. इंधन-प्रदूषणाचा दावा नुकसान झाल्यापासून तीन वर्षांत न्यायालयात गेला नाही तर हक्क संपतो. सागरी दाव्यात 2017 च्या कायद्याप्रमाणे मुंबई उच्च न्यायालय जहाज, आणि ठरावीक परिस्थितीत त्याच मालकाचे दुसरे जहाजही, अडकवू शकते. एकेकट्याने न जाता मच्छीमार सोसायटीमार्फत जा.

आणि किनाऱ्याला लागलेला कंटेनर उघडू नका. एल्सावरच्या 12 कंटेनरांत कॅल्शियम कार्बाइड होते. त्याला पाणी लागले की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि एका ठिणगीने पेट घेतो. 200 मीटर लांब राहा आणि 112 ला कळवा.

द्राक्षांच्या कंटेनरचे वजन आधी जाहीर करा असा आग्रह कशासाठी?
— निर्यातदार, नाशिक

1 जुलै 2016 पासून सोलासमध्ये हा नियम आहे. वजनाचा खरा आकडा नसेल तर कंटेनर जहाजावर चढत नाही, आणि जबाबदारी बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर दिल्याच्या कागदावर, ज्याचे नाव त्या निर्यातदाराची. 2007 मध्ये इंग्लिश खाडीत 'एमएससी नापोली'चे अंग मोडले. डेकवरचे कोरडे राहिलेले 660 कंटेनर नंतर तोलले, तर 137 चे वजन जाहीर आकड्यापेक्षा तीन टनांहून अधिक वेगळे भरले.

वजनाच्या दोन पद्धती आहेत: भरलेला कंटेनर काट्यावर तोलणे, किंवा माल आणि बांधणी तोलून त्यात रिकाम्या कंटेनरचे वजन मिळवणे. पहिल्या पद्धतीत ट्रक, त्यातले डिझेल आणि रीफरला, म्हणजे थंड कंटेनरला, लावलेला जनरेटर वजा करायला विसरतात. दुसरीत पॅलेट आणि कोपऱ्याच्या पट्ट्या सुटतात. रिकामे वजन दारावर छापलेले असते, ते तिथूनच उतरवा, बुकिंगच्या कागदावरून नको.

गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या बोटींना सोलास लागू आहे का?
— वाचक, ठाणे

नाही. तो प्रवास देशांतर्गत आहे. तिथे अंतर्देशीय जलयानांचा 2021 चा कायदा आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचे परवाने चालतात. 18 डिसेंबर 2024 ला इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि 15 जीव गेले. त्या दिवसापासून लाइफ जॅकेटचा प्रश्न सगळे विचारतात. सोलासचा मापदंड इथे सक्तीचा नसला तरी तपासायला उत्तम आहे: जॅकेट कधी न पाहिलेल्या चारांपैकी तिघांना ते एका मिनिटात, कोणाच्या मदतीशिवाय, नीट घालता आले पाहिजे. पाण्यात बेशुद्ध माणसाचे तोंड त्याने वर फिरवले पाहिजे.

बोटीत बसल्यावर जॅकेट मागा आणि हातात घेऊन पाहा. फोम दाबून सोडल्यावर फुगत नसेल, बक्कल गंजले असेल, शिवण उसवली असेल तर दुसरे घ्या. पट्टे छातीशी घट्ट ओढा. सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जाते. लहान मुलाला मोठ्यांचे घालू नका, ते त्यातून खाली सरकते. मुलांच्या मापाचे बोटीवर नसेल तर मुलाला घेऊन त्या फेरीला बसू नका, पुढची बोट धरा.